शब्द अडला तो देहापाशी

जुलैमधली संध्याकाळ होती. वसईचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पटायचे नाही. कॉलेज दुपारीच सोडून दिले होते, वीज गेली होती, आणि मी खिडकीशी ओढलेल्या टेबलावर ट्यूटोरियलच्या वह्या तपासत बसलो होतो. तेवढ्यात अंगणात एक छत्री उलटी झाली आणि तिच्याखालून माझा एक जुना विद्यार्थी बाहेर पडला. स्वतः नखशिखान्त भिजला होता, पण शर्टाच्या आत पोटाशी धरलेली प्लास्टिकची पिशवी मात्र कोरडी होती. पिशवीत पंचवीस-तीस कागद होते.

"सर, मराठी तपासून हवंय," तो म्हणाला.

हा मुलगा बी. ए. ला माझ्या वर्गात होता. इकडच्या कॅथलिक घरांतला. घरची मोगऱ्याची वाडी सांभाळून रोज लोकलने मुंबईला नोकरीसाठी जातो. त्याची बायको परिचारिका आहे. मी घाटावरून या भागात नोकरीला आलो, त्याला आता अठरा वर्षे होतील. आलो तेव्हा कॅथलिक म्हटले की इंग्रजी, गिटार आणि झगे एवढेच मला माहीत होते. मिस्सा मराठीत चालते, घरोघरी 'सुवार्ता' मासिक येते, आणि वर्गात सर्वांत स्वच्छ मराठी लिहिणारी मुले ही मंडळी असतात, हे कळल्यावर मी मनातल्या मनात कान धरले होते.

तर त्यांच्या धर्मग्रामात लग्न ठरलेल्या मुलामुलींसाठी विवाहपूर्व शिबिर असते. त्यात एक व्याख्यान या नवराबायकोने द्यावे असे फादरांनी सांगितले होते. विषय : मानवी देह, प्रेम आणि कामजीवन यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण. मूळ टिपणे इंग्रजीत होती. त्याने त्यांचे मराठी केले होते आणि तिसऱ्याच पानावर तो अडला होता.

अडला होता तो एका शब्दापाशी. लग्नात स्त्री आणि पुरुष स्वतःला एकमेकांच्या स्वाधीन करतात, देहासकट, मागे काही न ठेवता, असा त्या शिकवणुकीचा गाभा आहे. आता याला मराठीत काय म्हणावे? त्याने प्रथम लिहिले होते 'देहदान'. मी म्हटले, "अरे, देहदानाचा फॉर्म भरून मेडिकल कॉलेजला देतात! शिबिरातली पोरं घाबरतील." मग त्याने खोडून लिहिले होते 'आत्मसमर्पण'. ते चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोर करतात. 'आत्मदान' म्हटले तर कोणी जिवावर उदार झाल्यासारखे वाटते. 'शरीरसंबंध' हा शब्द पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत इतका राबला आहे की त्याला आता खाकी वास येतो. टिपणांत एके ठिकाणी देहाला स्वतःची भाषा असते असे होते. तिथे 'देहबोली' लिहावे, तर तो शब्द मुलाखतीचे क्लास चालविणाऱ्यांनी कधीच पळविला आहे.

आम्ही दोघे मेणबत्तीच्या उजेडात शब्द उलटेपालटे करीत बसलो. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला जरा ओशाळल्यासारखे झाले. ज्या भाषेच्या पूर्वज प्राकृतात 'गाथासप्तशती' झाली, जिने पुढे शेकड्यांनी लावण्या केल्या, तिच्याकडे नवराबायकोच्या साध्या सुखाला एक निरोगी शब्द नसावा? आहेत ते एक तर बैठकीतले, नाही तर दवाखान्यातले, नाही तर कोर्टातले. माझीच गोष्ट सांगायची, तर लावणी शिकवताना मी छंद, प्रास आणि शाहिरांचे आश्रयदाते यांवर तास काढतो आणि शृंगाराच्या ओळी 'घरी वाचा' म्हणून पुढे सरकतो. मुले त्या घरी नक्की वाचतात.

कागद ठेवून घेतले आणि त्याला चहा पाजून पाठवून दिले. जाताना तो एक जाड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. खरे सांगतो, ते उघडण्यापूर्वी माझे मत ठरलेले होते. ज्या धर्मात धर्मगुरू अविवाहित, मठवासिनी अविवाहित, आणि ज्याची परम आदर्श स्त्री कुमारी माता, तो धर्म नवराबायकोला काय शिकवणार? फार तर 'हे करू नका' एवढेच. तो 'करू नका'चा भाग पुस्तकात आहेच, आणि त्याच्याशी माझे भांडण आहे. ते पुढे येईल. पण त्याआधी जे आहे त्याने माझा पावसाळा खाल्ला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ५ सप्टेंबर १९७९ पासून २८ नोव्हेंबर १९८४ पर्यंत रोममध्ये बुधवारच्या जाहीर भेटीत या एकाच विषयावर शंभराहून अधिक प्रवचने दिली. जगभरचे यात्रेकरू पोपचे दर्शन घ्यायला यायचे, आणि त्यांना ऐकायला मिळायचे काय, तर आदाम आणि हव्वा उघडे असून एकमेकांना लाजत का नव्हते याचे विवेचन! १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तो दिवसही बुधवारच होता. त्यामुळे प्रवचनांत काही महिन्यांचा खंड पडला. या सगळ्या मजकुराला 'देहाचे ईश्वरशास्त्र' असे नाव पडले आहे. त्याचा बराचसा भाग त्यांनी पोप होण्यापूर्वीच पोलंडमध्ये लिहून ठेवलेला होता, आणि माझ्या मते त्याची खरी गोष्ट रोममध्ये नसून पोलंडमध्येच आहे.

या माणसाचे मूळ नाव कारोल वोयतिवा. जन्म १९२० चा. आई १९२९ साली गेली, थोरला भाऊ डॉक्टर होता तो १९३२ मध्ये, आणि १९४१ मध्ये वडील. विशी ओलांडता ओलांडता हा मुलगा जगात एकटा उरला, तोही नाझींच्या ताब्यातल्या क्राकूव शहरात. त्याला नाटकाचे वेड होते. दिवसा दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम करायचे आणि रात्री बंद दारांआड मोजक्या लोकांपुढे चोरून पोलिश नाटके करायची, असे त्याचे तरुणपण गेले. १९४६ मध्ये तो धर्मगुरू झाला. पुढे कम्युनिस्ट राजवट आली. धर्मगुरूने तरुण मुलामुलींना घेऊन सहलीला जाणे तिला खपत नसे. म्हणून हा साध्या कपड्यांत त्यांच्याबरोबर जाई आणि मुले त्याला 'फादर' न म्हणता 'वुयेक', म्हणजे काका, अशी हाक मारीत. डोंगर चढायचे, नद्यांतून नावा वल्हवायच्या, रात्री शेकोटीभोवती गप्पा करायच्या. १९५८ च्या जुलैत आपल्याला बिशप नेमल्याचे कळले, तेव्हाही हे काका नावेच्या सहलीवरच होते. शहरात जाऊन होकार दिला आणि परत पोरांकडे आले!

ही पोरे प्रेमात पडत होती, लग्ने करीत होती, भांडत होती, आणि काकांना येऊन सगळे सांगत होती. त्यातून १९६० मध्ये 'प्रेम आणि जबाबदारी' हे पुस्तक झाले. त्याचे हस्तलिखितसुद्धा या मंडळींत चर्चेसाठी फिरले होते. त्याच वर्षी त्यांनी लग्नावर एक नाटकही टोपणनावाने छापले. पुस्तकाच्या शेवटी कामशास्त्रावर एक प्रकरण आहे. स्त्रीची कामभावना पुरुषापेक्षा सावकाश फुलते. नवऱ्याने आपले उरकून मोकळे होणे हा नुसता अडाणीपणा नसून तो प्रेमाचा अभाव आहे. तिला तृप्ती लाभते की नाही हे पाहणे त्याचे कर्तव्य आहे, असे तिथे सरळ लिहिले आहे. लेखक चाळिशीतला अविवाहित बिशप! आमच्याकडे चाळिशीतल्या विवाहित पुरुषांपैकी कितीजण हे वाक्य बायकोसमोर वाचू शकतील, हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये विचारून पाहिला. दोघे हसले, एकजण तास असल्याचे सांगून उठला.

पण पुस्तकाचा प्रारंभ मला जास्त महत्त्वाचा वाटला. तो एका क्रियापदापासून होतो : 'वापरणे'. वस्तू वापरता येते, माणूस वापरता येत नाही. माणसाला कधीही केवळ साधन करायचे नाही. हे ऐकायला साधे वाटते, पण ज्या काळात आणि ज्या प्रदेशात ते लिहिले गेले ते पाहा. लेखकाचे जन्मगाव ऑश्विट्झच्या छळछावणीपासून फार दूर नव्हे. विवाहविषयक कामात त्यांच्याबरोबर असलेल्या वांदा पुउताव्स्का या मानसोपचारतज्ज्ञ बाई रावेन्सब्रुकच्या छावणीतून जिवंत परतल्या होत्या. तिथे नाझी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या प्रयोगांसाठी पोलिश स्त्रियांचे पाय कापले. त्यांतल्या त्या एक. त्या बायकांना छावणीत 'ससे' म्हणत. शंभरी ओलांडून २०२३ मध्ये त्या वारल्या. माणसाचा देह वापरणे म्हणजे काय, हे या लोकांना तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून शिकावे लागले नव्हते. 'देह म्हणजे माणसाजवळची वस्तू नव्हे, देह म्हणजे तो माणूसच' हे वाक्य त्या पार्श्वभूमीवर वाचले की त्यातला कोरडेपणा जातो.

८ ऑक्टोबर १९८० च्या प्रवचनात पोपनी म्हटले की लोलुप दृष्टीने पाहून मनात व्यभिचार करणारा पुरुष तो स्वतःच्या बायकोबाबतही करू शकतो. ती फक्त आपली वासना शमविण्यासाठी आहे अशा नजरेने त्याने तिच्याकडे पाहिले, तर लग्नाचा दाखला त्याला वाचवीत नाही. यावर वर्तमानपत्रांनी गहजब केला. आता काय बायकोकडेही बघायचे नाही का, अशी टिंगल झाली.

मला त्यात टिंगल करण्यासारखे काही वाटले नाही. 'हक्काची बायको' असे आपण किती सहज म्हणतो! नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा बलात्कार नव्हे, हा इंग्रजांच्या दंडसंहितेतला अपवाद २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही, बायको अठरा वर्षांखालील नसेल तर, कायम ठेवण्यात आला. पोपचे वाक्य कायदेमंडळात वाचून दाखवायला हरकत नव्हती.

रात्री जेवताना मी हे सगळे हिला सांगितले. ही भाजी वाढत ऐकत होती. म्हणाली, "त्या पोपना हे कळायला नाझी लागले. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिनं चुलीपुढं बसून सांगितलं असतं." मग थोड्या वेळाने, "आणि तुमचा तो शब्द कुठला अडलाय?" मी देहदानापासून आत्मसमर्पणापर्यंत सगळे ऐकवले. ही म्हणाली, "पण सगळीकडे दान कशाला? दान गरिबाला करतात. नाही तर मुलीचं करतात. मला बाबांनी दिलं, तुम्ही करून घेतलं. मी कधी मला दिलं?"

माझा घास हातातच राहिला. मराठीत मुलगी देतात, बायको करतात, कन्या दान करतात. सगळी क्रियापदे दुसऱ्याची. पुढे मी ताडून पाहिले. कॅथलिक विधीत लग्न 'लावणारा' धर्मगुरू नसतोच. पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे तो संस्कार वधू आणि वर एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेतर्फे त्यांची संमती ऐकून घेतो. बाप आपली मुलगी देऊ शकत नाही, कारण ती त्याची नाहीच. आणखी एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात सापडली. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जिथे सप्तपदीची चाल आहे तिथे, सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. त्यांच्याकडे मंदिरात वचन दिल्याने विवाह होतो, पण तो पक्का होतो तो नवराबायको देहाने एक झाल्यावर. तोपर्यंत विशिष्ट कारणाने पोप तो विवाह मोडू शकतात. त्यानंतर पोपनाही ते चालत नाही. म्हणजे त्यांचे सातवे पाऊल घराचे दार लावून घेतल्यावर पडते. देहाला तुच्छ मानणाऱ्या धर्माने एवढा अधिकार देहाला दिला नसता.

या जुन्या धर्मात देहाविषयीची भीतीही काही कमी नव्हती. संत ऑगस्टीन (३५४–४३०) तरुणपणी एका स्त्रीबरोबर कित्येक वर्षे राहिले, त्यांना एक मुलगाही होता. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी विवाह चांगलाच आहे असे ठामपणे सांगितले, पण संततीचा हेतू नसता नवराबायकोने एकत्र येणे हे लहानसे पाप ठरविले. त्यांची सावली शेकडो वर्षे पडून राहिली. आमच्या अभ्यासक्रमात फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' आहे. दहा हजारांवर ओव्यांच्या त्या ग्रंथातल्या मराठीच्या स्तुतीच्या पाच-सात ओव्या आम्ही सगळे प्राध्यापक शिकवतो आणि उरलेला ग्रंथ कपाटात ठेवतो. या निमित्ताने मी तो पुन्हा काढला आणि आदाम-हव्वेपर्यंत गेलो. ओवीच्या चालीत एदेन बाग वाचताना मला आपल्या कीर्तनाची आठवण आली. पण बायबलमधले 'गीतरत्न' हे प्रियकर-प्रेयसीचे काव्य सगळ्यांत जपून हाताळावे लागले असणार. शतकानुशतके त्याचा अर्थ देव आणि त्याची प्रजा, असाच प्राधान्याने लावला गेला. आपण विराण्यांचे करतो तसेच. जॉन पॉलनी १९८४ च्या प्रवचनांत ते आधी स्त्री-पुरुषांच्या प्रेमाचे काव्य म्हणून वाचले.

आता भांडण. १९३० च्या ऑगस्टात अँग्लिकन बिशपांनी संततिनियमनाला मर्यादित मुभा दिली. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी कॅथलिकांसाठी ते दार घट्ट लावले. त्या वेळी मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते, आणि १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. १९३५–३६ च्या हिवाळ्यात मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला गांधीजींशी वाद घालायला आल्या. गांधीजींचे म्हणणे, संततीपुरताच संग, एरवी संयम. त्या मानाने कॅथलिक ख्रिस्तसभा सौम्य म्हणावी लागेल. १९५१ मध्ये बारावे पायस यांनी सुईणींपुढच्या भाषणात, गंभीर कारण असेल तर पाळीच्या हिशेबाने गर्भधारणेचे दिवस टाळायला मोकळीक दिली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विवाहाला जीवनाची आणि प्रेमाची जवळीक असे म्हटले.

मग गोळी आली. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये एक आयोग नेमला, सहावे पॉल यांनी तो वाढवला आणि त्यात डॉक्टर आले, विवाहित जोडपी आली. शिकागोच्या क्राउली दांपत्याने कॅथलिक नवराबायकोंची पत्रे आयोगापुढे ठेवली. दिवस मोजत, तापमान लिहीत, भीत भीत जगणाऱ्यांची ती पत्रे होती. १९६६ मध्ये नेमलेल्या बिशपांच्या यादीत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस होते, आणि वोयतिवाही होते. ते मात्र अखेरच्या बैठकीला गेले नाहीत. बहुमताचे मत पडले, बंदी उठवावी. २५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी परिपत्रक काढून सांगितले, उठवायची नाही. कारण असे की संभोगात दोन अर्थ गुंफलेले आहेत, एकमेकांशी एकरूप होणे आणि नव्या जीवाला वाव देणे. हे दोन अर्थ माणसाने आपल्या हाताने तोडू नयेत.

युक्तिवाद सुंदर आहे. पण ज्या बाईला चौथे बाळंतपण झेपणार नाही तिच्याशी तो कोण बोलणार? विचारलेल्या जोडप्यांनी उत्तर दिले आणि ते बाजूला ठेवले गेले, हे मला पटत नाही. पाश्चात्त्य देशांतले बहुसंख्य कॅथलिक पुढे ही बंदी पाळेनासे झाले, ते सगळे भोगलोलुप होते असे कोणी म्हणू नये. समलिंगी माणसांच्या बाबतीतही तेच : १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात त्यांना सन्मानाने वागवा असेही आहे, आणि समलिंगी संबंध मुळातच विसंगत असेही आहे. २००२ मध्ये बॉस्टनमधून बाहेर आलेली, मुलांवरच्या अत्याचारांची आणि ते झाकून ठेवण्याची प्रकरणे वाचल्यावर, माणूस वापरायचा नसतो ही शिकवण आधी कोणाला द्यायला हवी होती, हे मी सांगायला नको. अर्थात मदर तेरेसांनी १९७९ च्या नोबेल भाषणात, कलकत्त्याच्या गरिबांना आम्ही नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवतो असे सांगितले होते, आणि दिवस पाळणाऱ्या जोडप्यांत नवऱ्याला बायकोच्या देहाचे वेळापत्रक तरी ठाऊक असते, हेही खरे. आमच्याकडे ते किती नवऱ्यांना ठाऊक असते?

हे सगळे भांडण मी ऑगस्टमध्ये त्या मुलापुढे मांडले. त्याने ऐकून घेतले. मग पान चौदा काढून माझ्यासमोर ठेवले. "सर, तुम्ही इथं काही खुणा केल्या नाहीत."

चौदाव्या पानावर, मूल होत नसलेल्या जोडप्यांविषयी होते. २२ फेब्रुवारी १९८७ च्या रोमच्या सूचनापत्राप्रमाणे प्रयोगशाळेत गर्भधारणा करणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. मूल ही देणगी आहे, कोणाचा हक्क नाही. ते आईबापांच्या मीलनातून यावे, बनवले जाऊ नये. आणि वापराविना उरलेल्या गर्भांचे काय, हा प्रश्न आहेच. नियम तोच, उलट्या बाजूने लावलेला : तिकडे मीलनातून मूल तोडू नका, इकडे मुलातून मीलन तोडू नका. भाषा बिनचूक होती, म्हणून मी खुणा केल्या नव्हत्या.

"आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, सर."

मला माहीत होते. गावात सगळ्यांना माहीत होते. पण मी ते पान आणि तो मुलगा एकत्र ठेवून पाहिले नव्हते. डॉक्टरांनी उपाय सांगितला होता, खर्चाचा आकडाही सांगितला होता. मुंबईत असे मूल जन्मल्याला कितीतरी वर्षे झाली. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी ते करून दाखवले. आणि याला शिबिरात उभे राहून पान चौदा वाचायचे होते.

मी त्याला एवढेच सांगू शकलो की जगातले पहिले असे मूल इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मले, बंदीच्या परिपत्रकाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी. तेव्हा व्हेनिसच्या कार्डिनल लुचानींना मत विचारले गेले. ते म्हणाले की या पद्धतीविषयी मला शंका आहेत, पण त्या मुलीला माझ्या शुभेच्छा, आणि तिच्या आईबापांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. महिनाभरात ते पोप पहिले जॉन पॉल झाले आणि तेहतीस दिवसांनी वारले. याचा त्याला काही उपयोग नव्हता. तरी त्याने लुचानींचे नाव कागदाच्या कडेला लिहून घेतले.

अडलेला शब्द हिनेच सोडवला. तो निघताना स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, "'भेट' म्हणा. दोघं एकमेकांना स्वतःची भेट देतात." मी नेहमीप्रमाणे शंका काढली की मंत्रीही पूरग्रस्त भागाला भेट देतात. ही म्हणाली, "देऊ देत. भेट म्हणजे देणंही आणि भेटणंही. न भेटता दिली तर ती भेट कसली?" संत ज्या भेटीसाठी झुरले तीच ही भेट. बावीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नाही. त्याने तिथेच पाच पानांवर दुरुस्ती केली.

सप्टेंबरात एका रविवारी मी शिबिराला गेलो. मंदिराशेजारचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, वीसेक जोडपी. मी मागच्या ओळीत बसलो. परधर्मीय मास्तर पाहून दोघी-तिघी मुली कुजबुजल्या. तो छान बोलला. नाझी, नावा, काका सगळे आले. 'वापरणे' या क्रियापदाशी तो थांबला तेव्हा मुलगे खाली बघत होते आणि मुली समोर.

पान चौदा आले तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्या हातातून कागद घेतला. तिने तो सावकाश, अडखळत न वाचता, शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "ही ख्रिस्तसभेची शिकवण. ती जशी आहे तशी मी वाचली. मी प्रसूतिकक्षात काम करते. तिथं त्या उपायानं झालेली बाळंही येतात. मी त्यांना पुसून, गुंडाळून त्यांच्या आईच्या हातात देते, बाकीच्या बाळांसारखीच. त्यांच्या आयांबद्दल कोणी वाईट बोललं तर मला चालत नाही."

पहिल्या ओळीतल्या एका मुलाने हात वर केला. "सिस्टर, तुमचं काय ठरलंय?"

ती म्हणाली, "ते आमच्या दोघांत आहे."

आणि तिने पान पंधरा नवऱ्याच्या हातात दिले. त्यावर नैसर्गिक पद्धतीचा तक्ता होता. तो समजावताना त्याने दिवसांच्या मोजणीत एक चूक केली, ती तिने तिथल्या तिथे सुधारली, आणि हॉलमध्ये हशा पिकला.

नंतर चहा होता. तो माझ्याकडे आला, कागदांचा जुडगा पुन्हा त्याच प्लास्टिकच्या पिशवीत होता. पुढचे शिबिर जानेवारीत आहे, म्हणाला. चौदावे पान तेवढे पुन्हा एकदा बघून द्याल का?